दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या गोळ्यांबद्दल
प्रश्न असा आहे, की गावातल्या स्वयंसेवकांना हंगामी मलेरिया-प्रतिबंधक औषधाचं (मलेरियाच्या हंगामात लहान मुलांना दर महिन्याला तीन दिवस द्यायचं औषध) प्रशिक्षण देऊनही पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या घरात तशाच का राहतात. माझ्या मते प्रशिक्षणात सराव चुकीच्या माणसाचा होतो. पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडायाक्वीन ही मलेरियाविरोधी औषधं स्वयंसेवकासमोर दिली जातात. नंतरचे दोन दिवस फक्त अमोडायाक्वीन, तेही आईच्या हातून. त्यामुळे स्वयंसेवकाला 'करून दाखवतो' इथे न थांबता आईला 'आता तुम्ही करा' म्हणायला शिकवा. आईनेच गोळी कपात थोड्या पाण्यात विरघळवायची, चमच्याने पाजायची, तळाचा गाळ पुन्हा पाणी घालून द्यायचा. हा गाळ हमखास विसरला जातो, आणि औषधाचा काही भाग त्यातच राहतो. मग ३० मिनिटं थांबायचं. तेवढ्यात बाळाने ओकलं तर डोस एकदाच पुन्हा.

वयाचीही तालीम हवी. ३ ते ११ महिन्यांची मात्रा वेगळी, १२ ते ५९ महिन्यांची दुप्पट. जन्मतारीख ठाऊक नसेल तर सण, पेरणी यांवरून महिने काढायचे. आणि ताप असलेल्या बाळाला औषध नाही, आधी रक्ततपासणीला पाठवायचं. मळमळ होऊ शकते हे आधीच सांगा. न सांगितलं तर घाबरून आई पुढच्या गोळ्या बंद करते.