एफपीएस 80 दिसतो तरी गेम अडकतो आणि 15 मिनिटांत मळमळायला लागतं, काय करू?

सायंतारा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. दोन महिन्यांपूर्वी पीसी असेंबल करून घेतला, सहा कोरचा प्रोसेसर, 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम, गेम एसएसडीवर, मॉनिटर 24 इंची 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकणारा). फर्स्ट पर्सन गेम (पात्राच्या डोळ्यांतून दिसतो तो) लावला की कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, येतात त्याचा) आकडा 75 ते 85 दाखवतो, म्हणजे तक्रारीला जागाच नको, पण माउस फिरवला की चित्र सलग सरकतच नाही, झटके देत देत जातं आणि दर काही सेकंदांनी क्षणभर थिजतं. पंधरा वीस मिनिटांत कपाळावर घाम, डोकं जड, मग मळमळ. काल तर गेम बंद करून दोन तास आडवी पडून होते. माझा धाकटा भाऊ त्याच पीसीवर तोच गेम तासन्‌तास खेळतो, त्याला काहीच होत नाही, फक्त "अडकतोय" एवढंच म्हणतो. थर्ड पर्सन गेममध्ये (आपलं पात्र समोर दिसतं त्यात) मलाही त्रास कमी होतो.

करून बघितलेले उपाय: ड्रायव्हर काढून परत टाकला, सगळ्या सेटिंग अल्ट्रावरून लो वर आणल्या (फरक शून्य, आकडा तोच 80 च्या आसपास), व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालाशी बांधणारी सेटिंग) चालू बंद केलं. आता खरंच कळत नाहीये की दोष पीसीत आहे की माझ्यात.

फ्रेमगणित:
तुमच्यात दोष नाही, हे आधी सांगतो. आणि तुम्ही कंसात जे सहज लिहून टाकलंय ना, अल्ट्रावरून लो केलं तरी आकडा हलला नाही, सगळी गोम तिथेच आहे. सेटिंग कमी केल्या की ग्राफिक्स कार्डाचं काम कमी होतं, तरी एफपीएस वाढत नसेल तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम त्याला वेळेवर काम पुरवत नाहीये. गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा, 95 च्या वर सतत असेल तर माझं चुकलं, पण 60-70 टक्के दिसला तर कार्डाला हात लावू नका.

दुसरं म्हणजे तो 80 चा आकडा विसरा. तो एका सेकंदाची सरासरी आहे. समजा सेकंदात 75 फ्रेम 12-12 मिलिसेकंदांच्या आल्या, त्याचे झाले 900, आणि दोन फ्रेम 50-50 च्या आल्या, की झाले पूर्ण 1000. काउंटर दाखवणार 77 आणि तुम्हाला मात्र त्या सेकंदात दोन दणदणीत झटके बसलेले असणार. म्हणून फ्रेम टाइमचा ग्राफ बघायचा, आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावलं की स्क्रीनवरच रेघ दिसते, ती सपाट पाहिजे. सोबत वन पर्सेंट लो चा (सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमच्या वेगाचा) आकडा लावा, सरासरी 80 आणि लो 35-40 असेल तर तुम्ही जे सांगताय ते तंतोतंत जुळतं.

आता तीन गोष्टी बघून इथे लिहा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, तिथे स्पीड किती आणि किती स्लॉट वापरात आहेत. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट किती निवडलाय. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना, मदरबोर्डला नाही ना.

पाचमिनिटं:
मी पीसीच्या बाजूचं बोलत नाही, ते वर चाललंय आणि ते बरोबर आहे, मी मळमळीचं बोलते कारण पाच सहा वर्षं मी स्वतः हे भोगलंय आणि एक वेळ अशी होती की फर्स्ट पर्सन गेम कायमचे सोडले होते.

होतं काय की डोळे सांगतात आपण पळतोय, वळतोय, आणि कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग असतो तो सांगतो आपण खुर्चीत बसलोय. गाडीत पुस्तक वाचताना याच्या उलट होतं, शरीर हलतंय आणि डोळे स्थिर पानावर. मेंदूला दोन्हींचा मेळ लागला नाही की पोट ढवळतं. कुणाला किती होतं हे माणसागणिक वेगळं, त्यामुळे भावाशी तुलना करू नका. आणि चित्र झटके देत आलं की माउस हलवल्यावर मेंदूने जे अपेक्षिलेलं असतं ते त्या क्षणी दिसत नाही, थोडं उशिरा, कधी जास्त उशिरा, म्हणजे आधीच भांडण आणि त्यात भर.

तुम्ही सगळ्यात आधी एफओव्ही (गेममध्ये एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन) बघा. बरेच गेम टीव्हीपासून लांब सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी 60-70 वर ठेवलेले असतात. टेबलावर जवळ बसून तेच बघितलं तर दुर्बिणीतून चालल्यासारखं वाटतं, कारण चित्र झूम झालेलं असतं आणि मान तेवढीच वळवली तरी सगळं जास्त वेगाने डोळ्यांसमोरून सरकतं. 90 वर न्या, मग पाच पाचने वाढवून बघा. पण इथे एक घोळ आहे जो मला फार उशिरा कळला: काही गेम आडवा कोन मोजतात, काही उभा. 16:9 च्या स्क्रीनवर आडवा 90 म्हणजे उभा साधारण 59. म्हणजे एखाद्या गेममध्ये स्लायडर 60 दाखवत असेल आणि तो उभा असेल तर तो ठीकच आहे, त्याला 90 केलंत तर सगळं मासोळीच्या डोळ्यातून बघितल्यासारखं कडेला ताणलं जाईल आणि त्यानेही गरगरतं. आकड्यापेक्षा चित्रावर विश्वास ठेवा.

मग हेड बॉब बंद (चालताना कॅमेरा वरखाली होतो ते, माझा सगळ्यात मोठा शत्रू), कॅमेरा शेक शून्य, मोशन ब्लर बंद, डेप्थ ऑफ फील्ड बंद, माउस स्मूदिंग आणि अॅक्सेलरेशन बंद. आणि स्क्रीनच्या मधोमध एक ठिपका कायम दिसेल असं करा, नजर टेकवायला जागा मिळते. 2008 च्या मिरर्स एज या गेममध्ये हा ठिपका मुद्दाम याच कारणासाठी दिला होता. थर्ड पर्सनमध्ये त्रास कमी होतो त्याचं एक कारण हेच असावं, समोर आपलं पात्र जवळपास एका जागी असतं, डोळ्याला खुंटी मिळते.

खोलीत दिवा चालू ठेवा, खुर्ची थोडी मागे घ्या, पंख्याचा वारा तोंडावर येऊ द्या. अंधारात स्क्रीनला चिकटून बसलं की माझं तरी दहा मिनिटांत काम तमाम होतं.

धडधड_७७:
एवढं काही करायला नको, फ्रेम जनरेशन चालू करा, 80 चे 150 होतील आणि सगळं लोण्यासारखं चालेल. आणि मळमळीचं म्हणाल तर रोज दोन तास दात ओठ खाऊन खेळत रहा, आठवड्यात सवय होते, मला झाली होती.

पाचमिनिटं:
दुसऱ्या मुद्द्याला कळकळीने नाही म्हणते. दात ओठ खाऊन खेळलं की बऱ्याच जणांचं उलट होतं, मेंदू त्या गेमची आणि मळमळीची सांगड घालतो, मग गेमचं संगीत ऐकलं तरी पोटात कालवतं, माझं नेमकं हेच झालं होतं. सवय होते हे खरं आहे, पण त्रासाच्या अलीकडे थांबत गेलं तर. पहिली खूण मळमळ नसते, त्याच्या आधी जांभया येतात, गरम व्हायला लागतं, तोंडाला पाणी सुटतं. त्यातलं एक जरी झालं तरी गेम पॉज नाही, बंद, आणि उठून लांब खिडकीबाहेर बघायचं. आज आठ मिनिटं, चार दिवसांनी बारा. पूर्ण बरं वाटेपर्यंत परत बसायचं नाही. आणि सायंतारा, स्क्रीनपासून दूर असतानाही चक्कर येत असेल, कानात आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर मात्र गेमच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा. प्रवासात घेतात त्या गोळ्या पण मनाने घेऊ नका, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

फ्रेमगणित:
फ्रेम जनरेशनबद्दल मी बोलतो. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालतं, पण ती बनवायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे थोडं थांबणं आलंच. तुमचा माउस खऱ्या फ्रेमच्याच तालावर चालतो. मूळ फ्रेम 60 च्या वर आणि सपाट असतील तर ते छान काम करतं, मी स्वतः वापरतो. पण इथे मूळ फ्रेमच लंगडतायत. आकडा 150 होईल, झटका तिथेच राहील, वर हाताला जडपणा येईल. ज्याला मळमळतं त्याला हे आधी सुचवू नये असं माझं ठाम मत आहे.

सायंतारा:
बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, धन्यवाद. बघून आले. कार्डाचा वापर 55 ते 65 टक्के. वन पर्सेंट लो 38!! मेमरीचा स्पीड 2133 दाखवतोय आणि स्लॉट 4 पैकी 1, म्हणजे 16 जीबीची एकच स्टिक आहे, खोक्यावर मात्र 3200 लिहिलंय. केबल कार्डालाच आहे पण एचडीएमआय आहे आणि रिफ्रेश रेट 60 वर होता, लिस्टमध्ये 144 नाहीच. दोन महिने मी 144 चा मॉनिटर 60 वर वापरत होते हे बघून रडू आलं. एफओव्ही 65 होता आणि हेड बॉब चालू.

फ्रेमगणित:
रडू नका, हे अतिशय कॉमन आहे आणि यात महागडं काही बिघडलेलं नाही. ज्याने पीसी जोडून दिला त्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला पाहिजे होतं, ते राहिलं. रॅमवर 3200 लिहिलं असलं तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (काही बोर्डवर डीओसीपी म्हणतात) सुरू करावं लागतं. त्यानंतर पीसी विचित्र वागला, रीस्टार्ट होऊ लागला तर परत बंद करून इथे लिहा. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरला माहिती आणायला दोन रस्ते असताना एकाच रस्त्यावर वाहतूक. तशीच दुसरी स्टिक मिळाली तर लावा, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, पण बोर्डाचं मॅन्युअल एकदा बघाच.

मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल लावा, बऱ्याच मॉनिटरवर पूर्ण 144 त्यावरच मिळतो. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक किंवा अॅडाप्टिव्ह सिंक चालू करा आणि ड्रायव्हरच्या पॅनलमध्येही. याने काय होतं की पडदा फ्रेमची वाट बघतो. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी बदलणार म्हणजे बदलणारच, फ्रेम तयार असो नसो, म्हणून एखादी फ्रेम एकदा दिसते, एखादी दोनदा, आणि व्ही-सिंक बंद असेल तर अर्धी जुनी अर्धी नवी. फ्रीसिंकसारख्या व्हेरिएबल रिफ्रेशमध्ये फ्रेम आली की पडदा बदलतो.

आणि शेवटी एफपीएसला लगाम घाला. हे लोकांना पटत नाही, आकडा कमी करायला जीव होत नाही, पण 70 आणि 110 च्या मधे हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा 85 वर बांधलेला गेम डोळ्याला कितीतरी शांत वाटतो. प्रोसेसरलाही श्वास घ्यायला जागा मिळते. रिव्हाट्यूनरमध्ये लिमिट घालता येतं.

रातकिडा:
मधे घुसतोय, माझा लॅपटॉप आहे आणि असाच त्रास, पण पहिली दहा मिनिटं मस्त चालतं मग अडकायला लागतं.

फ्रेमगणित:
तुमचं वेगळं, ते तापण्याचं लक्षण आहे. प्रोसेसरचं तापमान बघा, 95 अंशांच्या पुढे जाऊन त्याच वेळी क्लॉक (त्याचा वेग) खाली येत असेल तर तो स्वतःला वाचवतोय. मागून उंच करा, पंखे साफ करून घ्या, चार्जर लावूनच खेळा, आणि एफपीएसला लिमिट घाला, उष्णता तिथेच कमी होते.

सायंतारा:
नऊ दिवसांनी आलेय, मुद्दाम थांबले कारण एका दिवसावरून सांगायचं नव्हतं. आधी फक्त एक्सएमपी केलं, लो 38 चा 50 झाला. मग तशीच दुसरी स्टिक मिळाली, आता सरासरी 104 आणि लो 71. डिस्प्लेपोर्ट लावल्यावर 144 दिसला, सिंक चालू केलं, लिमिट 85. फ्रेम टाइमची रेघ आता जवळपास सपाट आहे, भाऊ दोन मिनिटं नुसता माउस गोल गोल फिरवत बसला होता.

माझं सांगायचं तर एफओव्ही 95, हेड बॉब बंद, मधला ठिपका चालू. पहिले तीन दिवस दहा दहा मिनिटंच खेळले, जांभई आली की उठले. काल पस्तीस मिनिटं झाली आणि मळमळ नाही. एक प्रयोग पण केला, पाचमिनिटं ताई तुमच्यासाठी: सगळं तसंच ठेवून फक्त हेड बॉब परत चालू केला, सहा मिनिटांत डोकं जड. म्हणजे पीसी सुधारला तरी तो माझ्यासाठी नाहीच.

एकच उरलंय, नवीन भागात पहिल्यांदा शिरलं की एक झटका बसतो, दुसऱ्यांदा त्याच जागी गेलं तर नाही.

फ्रेमगणित:
वाचून फार बरं वाटलं. तो उरलेला झटका बहुतेक शेडरचा (ग्राफिक्स कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) आहे, पहिल्यांदा दिसणाऱ्या गोष्टीसाठी गेम तिथल्या तिथे शेडर तयार करतो, एकदा झाला की साठवून ठेवतो म्हणून दुसऱ्यांदा येत नाही. सुरुवातीला "शेडर तयार होत आहेत" असा स्क्रीन येत असेल तर तो पूर्ण होऊ द्या, घाईत पुढे जाऊ नका. ड्रायव्हर अपडेट केल्यावर ते बहुधा पुन्हा बनवावे लागतात, तेव्हा त्या दिवशी झटके दिसले तर घाबरू नका.

पाचमिनिटं:
पस्तीस मिनिटं!! मला तिथे पोचायला दोन महिने लागले होते. हेड बॉबचा प्रयोग परत करू नका हो, आणि नवीन गेम घेतला की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन हे सगळं लावा, मगच पहिलं पाऊल टाका. सुरुवातीचे सिनेमासारखे प्रसंग चालू असताना कॅमेरा आपल्या हातात नसतो, तेव्हा पडद्याच्या कडेला नजर ठेवली तर मला बरं पडतं.