आधी वीट की आधी रेघ? पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाबद्दल

ओळंबा: वास्तुकला आणि बांधकाम तंत्रज्ञान, दोन्ही पदव्यांचं पहिलं वर्ष एकत्र असावं असं माझं ठाम मत. आज डिझाइन स्टुडिओ एका वारी, बांधकामाचा पेपर दुसऱ्या वारी, आणि दोघांची गाठच पडत नाही. मुलं इंग्लिश बाँडची (एक थर लांब, एक थर आडव्या विटांचा, अशा रचनेची) शीट सुबक काढतात, क्वीन क्लोजरवर, म्हणजे कोपऱ्याजवळच्या उभ्या चिरलेल्या विटेवर, बोटही अचूक ठेवतात. प्रत्यक्ष कोपरा रचायला सांगा! दुसऱ्याच थराला उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊन बसतो. ती उभी चिरलेली वीट तिथे कशाला असते, हे तेव्हा कळतं.

गुण्या: साफ विरोध. वास्तुकाराला गवंडी करायचंय का? रचनाविचार मुरायला वेळ लागतो. युनेस्को आणि यूआयए (वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांच्या सनदेत वास्तुशिक्षणाला किमान पाच वर्षं सांगितली आहेत ती उगाच नाही. बांधकामवाल्यांना अंदाजपत्रक, वेळापत्रक, यंत्रसामग्री शिकायची असते. दोघांना एका खोलीत कोंबून दोघांचंही नुकसान. आणि बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा दाखला येणारच, म्हणून आधीच सांगतो: १९१९ च्या जाहीरनाम्यात इमारत हेच अंतिम ध्येय होतं, पण वास्तुकलेचा विभाग उघडला १९२७ मध्ये.

ओळंबा: बाउहाउस मी काढलंच नव्हतं हो :)

खडी: तत्त्वाचं राहू द्या, वेळापत्रकाचं बोला. काँक्रीटच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याची) ताकद २८ दिवसांनी तपासतात. प्रात्यक्षिक सत्राच्या शेवटी ठेवलं की क्यूब पाण्याच्या टाकीत, मुलं सुट्टीवर आणि वहीत मागच्या बॅचचे आकडे. (आम्हीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.) तिसऱ्या आठवड्यात ओता, चौथ्यात सात दिवसांचे फोडा, सातव्यात २८ दिवसांचे. एका गटाला मुद्दाम जास्त पाणी घालू द्या. स्लम्पचा (ओल्या काँक्रीटचा सैलपणा मोजायचा) शंकू उचलला की ढीग बदकन बसतो. साच्यात भरायला तेच काँक्रीट सोपं जातं, म्हणून तो गट खूश असतो. महिन्याभराने त्यांचाच क्यूब आधी फुटतो. एवढं पाहिलेला मुलगा, मग तो कुठल्याही पदवीचा असो, साइटवर पाणी वाढवू देणार नाही.

गुण्या: प्रयोगशाळा एकत्र ठेवा, हरकत नाही. स्टुडिओ नको. डिझाइनला गुण कोण देणार?

ओळंबा: दोघं मिळून. एक जिना द्या. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी ६० सेंमीच्या आसपास बसते का, चढताना दम लागतो का, हे वास्तुकार बघेल. जिना वरच्या लँडिंगला मिळतो तिथे खालची सळई नुसती वाकवली, तर ताणात ती सरळ व्हायला बघते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडते. ते बांधकामवाला पकडेल.

गुण्या: आणि दोन परीक्षकांचं पटलं नाही, तर नापास कोण? मुलगा की मास्तर?