शेतकरी कंपनी चालवतोय, पण दोन हंगाम पुढचं दिसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात (लातूर) आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सव्वाचारशे सभासद, सोयाबीन आणि तूर. 2021 पासून मी अध्यक्ष.

हंगामात सकाळी सहापासून बारदाना, काटा, हमाल, कुणाच्या मालात ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला म्हणून भांडण. पुढच्या दोन वर्षांत कंपनीने काय करायचं, हा विचार डोक्यात शिरतच नाही. परवा एक जुने संचालक, वयाने वडिलांसारखे, म्हणाले, "बाबा, तू अध्यक्ष कमी अन् मुकादम जास्त झालास." लागलं, पण खोटं नव्हतं.

2022 च्या दिवाळीला सोयाबीन क्विंटलला साडेपाच हजारांच्या आसपास होतं. त्याच उन्हाळ्यात सात हजार पाहिलेले, म्हणून सभासदांना माल गोदामात ठेवायला मीच लावलं. कारण एवढंच, की गेल्या वेळी थांबले त्यांचं भलं झालं होतं. जूनमध्ये पेरणीला पैसा लागला, पाच हजारांच्या आत विकला. वर भाडं, घट, व्याज. पारावर टोमणे अजून चालू आहेत.

आता तेलघाणा टाकायचा, बियाण्यात जायचं की साठवण वाढवायची, यावर मंडळात तीन गट पडलेत. एका सल्लागाराने ताकद, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन काढून दिले, बिल मात्र चोख लावलं. प्रशिक्षणात सांगतात, व्हिजन ठेवा. कुठं ठेवू, गोदाम तर भरलेलं!

लांबचा विचार करायला कुणी कामातूनच शिकलंय का? कोर्स नको, हंगाम सोडून जाता येत नाही.

प्रतिसाद (परभणीहून):
भाऊ, ते सात हजार कशावर उभे होते? युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडलेलं, ब्राझीलमध्ये दुष्काळ, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केलेली. खाद्यतेलाची टंचाई, म्हणून सोयाबीन चढलेलं. दिवाळीपर्यंत ती बंदी उठली होती, केंद्राने 20 लाख टन कच्चं सोयातेल बिनकराचं येऊ दिलं होतं, अन् ब्राझीलमध्ये विक्रमी पिकाची चर्चा होती. खांब निघून गेले, तुम्ही छपराकडे बघत बसलात.

मी वही ठेवतो. मोठा निर्णय असला की तीन ओळी: काय होईल, कशामुळे, अन् काय दिसलं की मत बदलायचं. सहा महिन्यांनी उघडतो. पहिल्या वर्षीची वही वाचून बायको हसली होती. शिवाय मंगळवारी काटा मॅनेजरकडे, मी तिकडे फिरकतच नाही. पहिल्या मंगळवारी फोन सारखा वाजला, तिसऱ्याला चारदाच.

अन् तेलघाण्याचं. सोयाबीनमध्ये तेल 18-20 टक्के, तेही घाण्यात पूर्ण निघत नाही, मोठे प्लांट त्यासाठी सॉल्व्हंट (तेल विरघळवून काढणारं रसायन) वापरतात. उरते ती बहुतेक पेंडच, म्हणजे तुम्ही उतरताय पेंडीच्या धंद्यात. तिचं गिऱ्हाईक कोण?

धागाकर्ता:
दादा, तीन बैठका झाल्या, पेंड कोण घेणार हे कुणीच काढलं नाही. पोल्ट्रीवाल्यांना फोन लावतो. वही आणली. मंगळवारचं बघतो, परवाच मंगळवार आहे अन् बारदान्याची गाडी यायचीय.