बालसाहित्यावर प्रबंध, पण मूल कुठे आहे?

तळटीप:
"बालसाहित्याच्या संशोधनाला मुलांची गरज नाही, संहिता पुरते," असं काल या चर्चामंचावर ठामपणे लिहिलं गेलं. संहितेतून, म्हणजे खुद्द पुस्तकातून, निवेदक कळतो, चित्र-मजकुराचं नातं कळतं, लेखकाने गृहीत धरलेला वाचक कळतो. पण अशा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात 'या कथांमुळे मुलांची सहवेदना वाढते' असं वाक्य येतं, त्याला आधार काय? दहा कथा अभ्यासकाने वाचल्या, मुलांनी नव्हे!

शाईदौत:
मग ते वाक्य खोडा, पद्धत कशाला मोडीत काढता? बालकथेतलं मूल मोठ्यांनी रचलेलं असतं, हे ब्रिटिश समीक्षक जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्येच मांडलं. ती रचना तपासायला वर्गात कशाला जायचं? तिथे शिक्षक शेजारी, हातात प्रश्नावली, आणि प्रश्न 'गोष्टीतून काय शिकलात?' मुलं अपेक्षित तेच लिहून देतात.

तळटीप:
हा प्रश्नावलीचा दोष. चार-पाच मुलांचा गट घ्या, शिक्षक खोलीबाहेर. पालकांची लेखी संमती घ्या, शिवाय मुलाचा स्वतःचा होकार. काय आवडलं, काय नावडलं, कुठे कोडं पडलं, काय पुन्हापुन्हा आलं, हे ब्रिटिश बालसाहित्यिक एडन चेंबर्स यांचे चार प्रश्न. 'का?' टाळायचं, मूल लगेच बचावात जातं.

मूळप्रत:
तुम्ही दोघं भांडताय, पण आवृत्ती कोणती वाचली? नॅन्सी ड्रू ही मुलांसाठीची अमेरिकी रहस्यकथांची मालिका १९३० ची. १९५९ पासून जुने भाग नव्याने लिहिले गेले, वंशवादी वर्णनं गेली, पंचवीस प्रकरणांची वीस झाली. शीर्षकं तीच! सुधारित प्रत वाचून १९३० च्या समाजावर निष्कर्ष काढला तर प्रबंध तिथेच कोसळतो. प्रकाशनाच्या पानावर दोन सालं दिसली की थांबा. प्रकरणसंख्या, शेवटचा पृष्ठक्रमांक, चित्रकाराचं नाव जुळवा.

शाईदौत:
हा वेगळा धागा काढा.

मूळप्रत:
का म्हणून? संहिता पुरते म्हणणाऱ्यानेच आधी संहिता कोणती ते सांगायला हवं.

शाईदौत:
बरं, आवृत्ती नोंदवलीच पाहिजे. परिणामाचा दावा असेल तर मुलंही हवीत, एवढं मान्य. पण सगळ्यांवर ही अट लादू नका. शंभर वर्षांपूर्वीचे बालवाचक आणायचे कुठून?

मूळप्रत:
प्रतींमधून. समासातल्या रेघोट्या, रंगवलेली चित्रं, पहिल्या पानावर 'बक्षीस' म्हणून लिहिलेलं नाव आणि साल. त्यातून वाचनाचा सगळा अनुभव हाती येत नाही, पण पुस्तक कुणाच्या हातात होतं ते कळतं. आणि वाचनालयं नेमक्या याच प्रती फाटक्या म्हणून रद्दीत काढतात. निदान फेकण्याआधी त्या पानांचे फोटो तरी घ्या!