कनेक्शन पूल 10 वरून 50 करावा का? (स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस)

सांजवारा: अ‍ॅपच्या 6 इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आहेत. संध्याकाळी लोड वाढला की लॉगमध्ये 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल', 30 सेकंदांनी टाइमआउट. हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शन्स उघडी ठेवून कोडला वापरायला देणारी लायब्ररी) मॅक्झिमम पूल साइज, म्हणजे एका इन्स्टन्सला जास्तीत जास्त किती कनेक्शन्स, डिफॉल्टच आहे, 10. टीम म्हणते सरळ 50 करा. करू का?

खडूफळा: कृपया नका करू. सहा पन्नास 300, आणि पोस्टग्रेसमध्ये मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्ट 100, त्यातलीही 3 सुपरयूजरसाठी राखीव. ती मर्यादा वाढवली तरी प्रत्येक कनेक्शनमागे पोस्टग्रेस वेगळी प्रोसेस उभी करतं. 8 कोअर असतील तर सीपीयूवर एका वेळी 8 चालणार, बाकीच्या नुसत्या मेमरी अडवणार. रांग लागायचीच असेल तर ती अ‍ॅपच्या पूलमध्ये लागलेली बरी. हिकारीच्या विकीवर सुरुवातीचं सूत्र आहे: कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. 8 कोअर, 1 डिस्क म्हणजे 17, तेही सगळ्या इन्स्टन्सचे मिळून! तुमचे आत्ताच 60 आहेत.

आधी कनेक्शन धरून कोण बसलंय ते शोधा. एरर येत असताना पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघा, कुठलं कनेक्शन काय करतंय ते पोस्टग्रेस तिथे दाखवतं. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण क्वेरी चालू नाही) किती?

सांजवारा: बघितलं. बहुतेक सगळे तसेच!

खडूफळा: मग क्वेरी स्लो नाहीत. ट्रान्झॅक्शन उघडून कोड भलत्याच कशाची तरी वाट बघतोय. ट्रान्झॅक्शनल मेथडच्या आत पेमेंट गेटवे, एसएमएस असा बाहेरचा कॉल आहे का?

रानमोडी: हिकारीत लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड 10 सेकंद ठेवा (डिफॉल्टला बंद असतं). त्याहून जास्त वेळ कनेक्शन कोणी धरलं की स्टॅक ट्रेस (कोणत्या मेथडने धरलं त्याचा माग) थेट लॉगमध्ये येतो. आणि स्प्रिंग बूटचं ओपन-इन-व्ह्यू सेटिंग फॉल्स करा, नाहीतर रिस्पॉन्स पूर्ण होईपर्यंत कनेक्शन पूलमध्ये परत येत नाही. मात्र लेझी लोडिंगवर (डेटा लागेल तेव्हाच डेटाबेसमधून आणणं) चालणारा कोड त्याने फुटतो, आधी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) बघा.

सांजवारा: ट्रेसमध्ये ऑर्डर कन्फर्मची मेथड सापडली, गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आतच आहे. बाहेर काढतोय. पण पैसे कापले गेले आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅप पडलं तर?

खडूफळा: दोन छोटी ट्रान्झॅक्शन करा. पहिल्यात ऑर्डर 'पेंडिंग' म्हणून कमिट. मग कनेक्शन हातात न ठेवता गेटवेचा कॉल, टाइमआउट लावून, आणि सोबत त्या ऑर्डरची आयडेम्पोटन्सी की, म्हणजे रिट्रायला पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत. उत्तर आलं की दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्टेटस बदला. मधेच अ‍ॅप पडलं तर 'पेंडिंग' राहिलेल्यांची गेटवेकडे चौकशी करणारा जॉब दर काही मिनिटांनी चालू ठेवा. पूल 10 वरच राहू द्या, आणि कनेक्शनसाठी थांबलेल्या थ्रेडचा आकडा ग्राफवर घ्या.