कुस्को, पेरू: पहिल्याच दिवशी किती फिरावं?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं (वय ५४ आणि ५०) नागपूरहून पेरूला निघतोय. लिमात एक रात्र, मग सकाळी १० पर्यंत कुस्को. त्याच दिवशी साक्सायवामान (इंकांचा किल्ला), सॅन ब्लास (जुनी वस्ती) आणि प्लाझा दे आर्मास (मुख्य चौक) बघायचा बेत आहे. दुसऱ्या दिवशी ओल्यान्तायताम्बो हे इंकाकालीन गाव, तिसऱ्या दिवशी माचू पिच्चू (तिकिटं काढली आहेत). मला बीपीची गोळी सुरू आहे, सौ. पक्क्या शाकाहारी. जमेल का?

उंचसखल
भाऊ, बसवलं तर बसेल, पण बसवू नका. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, लिमा समुद्राकाठी आणि कुस्को ३,४०० मीटर, म्हणजे जवळपास लेहच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, आणि विमान सव्वा तासात तिथे नेऊन टाकतं. खरी गोम पुढे आहे. उतरल्या उतरल्या काहीच होत नाही. डोकेदुखी, मळमळ साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होते. दुपारी ठणठणीत वाटतं म्हणून माणूस चढ चढतो आणि रात्र ओकाऱ्यांत जाते. साक्सायवामान तर ३,७०० मीटरवर, सॅन ब्लासला नुसत्या चढाच्या गल्ल्या. दोन्ही पहिल्या दिवसातून काढा.

त्यापेक्षा विमानतळावरूनच ओल्यान्तायताम्बो गाठा. सुमारे २,८०० मीटर, गाडीनं दीड-दोन तास. चिंचेरोजवळ रस्ता पुन्हा ३,७०० च्या वर जातो, तिथे फोटोसाठी धावपळ नको. दोन रात्री तिथे झोपा, माचू पिच्चूची (२,४३० मीटर) आगगाडी तिथूनच मिळते. तिसऱ्या दिवसाचं तिकीट जसंच्या तसं राहतं, कुस्को शेवटी बघा. झोपायची जागा जितकी खाली, तितकी पहिली रात्र सोपी.

धरमपेठकर
पटलं. पण कुस्कोतलं पहिल्या रात्रीचं हॉटेल रद्द होत नाहीये. मग?

उंचसखल
मग तो दिवस सपाटीवर काढा. सामान टाका, दोन-तीन तास आराम. संध्याकाळी प्लाझा, तिथून हातुन रुमियोक गल्लीत, इंकांच्या भिंतीतला बारा कोनांचा दगड. आपल्या हेमाडपंती देवळांतही चुना नसतो, पण इथे शेजारचे दगड त्या बाराही कोनांत असे बसवलेत की सांध्यात पातं शिरत नाही. हात लावायला मनाई आहे. कोरिकांचाला (इंकांचं सूर्यमंदिर) जाताना उतार, येताना चढ. परतताना टॅक्सी करा. मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवा.

औषधाचं: डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) साधारणपणे १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्यानं घाबरू नका. पण सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल, तर नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. प्यायला हरकत नाही, पण तो औषधाची जागा घेत नाही. पानं मात्र भारतात आणू नका, अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. पहिल्या रात्री दारू आणि झोपेची गोळी नको.

नुसतं डोकं दुखत असेल तर थांबा, आणखी वर जाऊ नका. पण एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या बसल्या धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता ऑक्सिजन आणि दवाखाना, आणि लगेच खाली उतरायचं.

सावजीनको
ताईंसाठी: ‘वेहेतारियाना’ एवढंच म्हटलं तर कोंबडी चालते असं समजू शकतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मटण नको, कोंबडी नको, मासे नकोत) असं तिन्ही म्हणा. सूपचं पाणी बहुतेक कोंबडीचंच, म्हणून ‘सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडीच्या पाण्याशिवाय) हेही विचारा. क्विनोआचं सूपही याला अपवाद नाही. रस्त्यावरचं ‘चोक्लो कोन केसो’ बिनधास्त: अंगठ्याच्या नखाएवढ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस, सोबत चीजचा तुकडा. गोड नसतं, पोटभर होतं. पहिल्या रात्री एवढंच हलकं खा, उंचीवर पचन मंदावतं. नळाचं पाणी नको.

आपल्याकडे जूनमध्ये घाम, तिथे हिवाळा: रात्री पारा शून्याजवळ, दुपारी ऊन चटका देणारं. जाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. फाटकी किंवा चिरलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पेरूहून परतताना भारतात लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.