वर्गासमोर गणित समजावून सांगायला लावावं का?

खडूफळा:
मी गणित शिकवते. माझ्या वर्गात सत्रातून एकदा प्रत्येकाने फळ्यापाशी उभं राहून दहा मिनिटं एक संकल्पना समजावून सांगायची असते. काही सहकारी म्हणतात, बोलायला शिकवायचं तर भाषेचा तास आहे, गणिताचा वेळ का घालवता? मला हे अजिबात पटत नाही.

एका मुलाने 9 ची कसोटी घेतली होती. 738 च्या अंकांची बेरीज 18, तिला 9 ने भाग जातो, म्हणून 738 लाही जातो. त्याने कारणही लिहिलं: 738 = 7×99 + 3×9 + (7+3+8). सगळं पाठ करून आला होता, छान चाललं होतं. मागून प्रश्न आला, "मग 7 ला ही युक्ती का चालत नाही?"

तो गप्प झाला. बराच वेळ. मग 99 भोवती गोल काढून म्हणाला, "10 ला काय, 100 ला काय, 9 ने भागलं की बाकी 1च उरते. 7 ने भागलं तर 10 मधून 3 उरतात, 100 मधून 2." हे वाक्य त्याच्या वहीत नव्हतं. समोरचा कुठे अडला ते ओळखून आपलंच म्हणणं नव्याने मांडणं, यालाच मी संवादकौशल्य म्हणते. भाषणात गोलमोल बोलून निभावतं. गणितात ऐकणारा प्रत्येक पायरी तपासू शकतो.

अबोल:
त्या मुलाला ते जमलं, याचा आनंद आहे. मला जमलं नव्हतं. मी अडखळत बोलतो. शाळेत मला अपूर्णांकांचा भागाकार सांगायला उभं केलं होतं. 3 ला अर्ध्याने भागलं की 6 का येतात हे मला नीट कळलं होतं: तीनमध्ये अर्धे सहा बसतात. पण 'तीन'वरच जीभ अडकली आणि वर्ग हसला. सादरीकरणाचे मार्क कापले गेले. गणित हा एकच विषय होता जिथे मला बोलावं लागत नव्हतं. त्यानंतर मी त्या तासालाही हात वर केला नाही.

दोन_उणे:
ऐकणाऱ्यांचा विचार कोण करणार? आमच्या वर्गात एकीने 'उणे गुणिले उणे अधिक' हे 'शत्रूचा शत्रू तो मित्र' असं सांगितलं. सगळ्यांना आवडलं, लक्षातही राहिलं. पुढच्या चाचणीत निम्म्या वर्गाने −3−2 चं उत्तर 5 लिहिलं. दोन उणे दिसले की अधिक! चूक वर्गमित्राच्या तोंडून आली की जास्त घट्ट बसते.

खडूफळा:
@दोन_उणे, तो गोंधळ तिने निर्माण केला असं मला वाटत नाही. तो आधीपासून डोक्यात असतो, तिने तो बोलून दाखवला. तिथेच शिक्षकाने −3×2 = −6, −3×1 = −3, −3×0 = 0 असं एकाखाली एक लिहून "आता पुढची ओळ?" विचारायला हवं होतं. दर ओळीला 3 वाढतात, म्हणजे −3×(−1) = 3. शिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसला, तर मात्र तुमचं खरं आहे.

@अबोल, मार्कांबाबत माझी चूक मान्य. मीही 'आत्मविश्वासा'ला 5 मार्क देत होते. ते यापुढे बंद.

साध्य_सिद्धता:
इथे रॉबर्ट ली मूर यांची आठवण येते. टेक्सास विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना फक्त व्याख्या आणि प्रमेयं देत. पुस्तक पाहायचं नाही, आपसात चर्चा नाही, सिद्धता स्वतः शोधून फळ्यावर मांडायची. त्यातून नावाजलेले गणिती घडले. पण याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेतलं नाही. फळा सगळ्यांसाठी सारखा असतो, असं म्हणताना हेही लक्षात असू द्यावं.

मला हार्वर्डच्या एरिक माझूर यांची रीत जास्त पटते. ते भौतिकशास्त्राचे, पण ती गणितालाही लागू पडते. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. बोलणं होतं, मंच लागत नाही.

अबोल:
शेजाऱ्याला मी नक्की सांगितलं असतं. मग फळ्यापाशी जाणं ऐच्छिक ठेवाल का?

खडूफळा:
पहिल्या सत्रात हो, फक्त शेजाऱ्याला सांगायचं. दुसऱ्या सत्रात फळा, पण जोडीने: एकाने लिहायचं, एकाने बोलायचं. पूर्ण सूट द्यायला माझं मन घेत नाही. सूट दिली की दरवर्षी तीच चार मुलं बोलतात, आणि मला गप्प मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते कळतच नाही.

अबोल:
ते तुम्हाला त्यांच्या वहीतूनही कळेल. माझ्या वहीत 3 चे सहा अर्धे काढलेले होते, कोणी पाहिले नाहीत. जोडीचं चालेल, मात्र कोणी लिहायचं आणि कोणी बोलायचं ते त्या दोघांना ठरवू द्या.